डोळे उघडे ठेवले तरी चालतील

अकरावीची नवीन तुकडी आली की पहिल्याच आठवड्यात मी मुलांना सांगतो, "डोळे मिटायचे नसतील तर मिटू नका. समोरच्या बाकावर एखादी जागा धरा आणि नजर तिथं ठेवा." मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. योगदिनाच्या फोटोंत, मोबाइलवरच्या व्हिडिओंत त्यांनी जे पाहिलेलं असतं, त्यात डोळे मिटलेले असतात, पाठ ताठ असते आणि चेहऱ्यावर मंद हसू असतं. आमच्याकडे पाठ टेकून बसलं तरी चालतं, आणि हसू तर मुळीच लागत नाही.

मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आठवड्यातले काही दिवस तासाची पहिली दहा मिनिटं आम्ही शांत बसतो. हे सुरू करून बरीच वर्षं झाली. आता इतर गावांतले शिक्षक फोन करून विचारतात की नेमकं काय करता, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

डोळ्यांचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. डोळे मिटले की ज्याला एखादी जुनी, वाईट गोष्ट समोर दिसायला लागते, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. ती हात वर करून सांगत नाहीत. एक मुलगी सगळ्यांबरोबर डोळे मिटायची आणि बाकाची कड घट्ट धरून बसायची. तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसायची. तिला मी कारण विचारलं नाही. "उद्यापासून खिडकीतून बाहेरचं लिंबाचं झाड बघत बस," एवढंच सांगितलं. हळूहळू तिची बोटं सैल झाली. पुढे दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं आपण होऊन काही गोष्टी सांगितल्या. त्या इथं लिहिण्याच्या नाहीत.

लातूर काय आहे ते बाहेरच्यांनी ऐकलेलं असतं, पण पाहिलेलं नसतं. निलंगा, उदगीर, अहमदपूर, पलीकडे नांदेड, परभणी, हिंगोली इथून सोळा वर्षांची मुलं येतात आणि कॉट बेसिसवर राहतात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट, रात्री अभ्यासिका. डबा मेसचा. आई-बापानं काही ठिकाणी शेताचा तुकडा गहाण ठेवलेला असतो आणि पोराला ते माहीत असतं. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर 720 मार्कांचा, 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. चुकलेल्या उत्तराला एक मार्क वजा. प्रश्नाला एक मिनिट, त्यात वाचणं आलं, विचार आला आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल काळा करणंही आलं. रिपीटर मुलांना तर पुन्हा वर्षभर हेच करायचं असतं. अशा मुलांना "टेन्शन घेऊ नका" असं सांगून काही होत नाही. टेन्शन कमी कसं करायचं, शरीरात कुठून हात घालायचा, हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं.

आणि दाखवता येतं. मनगटावरच दाखवता येतं.

पहिल्या दिवशी मी कुणालाच शांत बसायला लावत नाही. नाडी मोजायला लावतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवायची. नाडी सापडायलाच पाच मिनिटं जातात. शेजारच्याची शोधून द्यायची, हसाहशी होते, होऊ देतो. सगळ्यांना सापडली की सांगतो, आता हळू श्वास घ्या आणि त्याहून हळू सोडा, बोटं तिथंच ठेवा. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, श्वास सोडताना ठोके लांब लांब पडायलेत!" एकदा एक मुलगा घाबरून म्हणाला, "माझं तर बंदच पडलं की काय असं वाटलं." त्याला सांगितलं, बाबा, तुझं हृदय उत्तम आहे. तरुण वयात हा फरक जास्त जाणवतो, वय वाढलं की कमी होत जातो. माझ्या मनगटावर तो आता शोधावा लागतो.

मग फळ्यावर व्हेगस नर्व्ह काढायची. मेंदूतून निघणाऱ्या चेतांची, म्हणजे नसांची, दहावी जोडी, मानेतून खाली उतरून हृदयापर्यंत आणि पुढे जठर-आतड्यांपर्यंत जाते. हृदयाला एकटं सोडलं, त्याच्या सगळ्या चेता तोडल्या, तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. शांत बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या घरात असते ती मुख्यतः व्हेगसनं सतत ब्रेकवर पाय ठेवलेला असतो म्हणून. श्वास आत घेताना तो पाय जरा उचलला जातो, सोडताना पुन्हा दाबला जातो. म्हणजे हृदयाला आपण थेट हुकूम देऊ शकत नाही, पण श्वासाला देऊ शकतो, आणि श्वासाचं हृदय ऐकतं.

इथं मी ऑटो लोवी या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. रात्री झोपेत त्याला प्रयोग सुचला, उठून कागदावर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच सुचलं, तेव्हा तो तडक प्रयोगशाळेत गेला. बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाच्या व्हेगसला विजेचा झटका दिला, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. चेतातंतू रसायन सोडतात हे त्यातून कळलं. ते साल 1921, आणि 1936 ला त्याला नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलिन. "कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन"च्या धड्यात मुलं ते पाठ करतात, पण आपल्याच मनगटावर ते काम करतंय हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मला शिकवण्यातला सगळ्यात आवडता दिवस विचारला तर मी हाच सांगेन.

एकदा ही खात्री पटली की पुढचं सोपं जातं. दप्तर मांडीवरून खाली. पाय जमिनीला टेकलेले; चप्पल काढली काय नि घातली काय, फरक नाही. आधी दोन्ही मुठी घट्ट आवळायच्या, पाच मोजेपर्यंत धरायच्या आणि सोडून द्यायच्या. मग खांदे कानाला लावायचे आणि सोडायचे. मग कपाळ, जबडा. ही पद्धत शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरनं शंभर वर्षांपूर्वी बसवली. स्नायू ताणलेला आहे हेच माणसाला कळत नसतं, म्हणून आधी मुद्दाम ताणायचा आणि सोडताना काय वाटतं ते ओळखायला शिकायचं. रोज दहा-बारा तास मान खाली घालून बसणाऱ्या पोरांचे खांदे कुठवर चढलेले असतात हे त्यांना इथंच पहिल्यांदा कळतं.

त्यानंतर श्वास. नाकानं घ्यायचा, मनात चारपर्यंत मोजत. सोडायचा सहापर्यंत मोजत. अडवून धरायचा नाही. जमत नसेल तर तीन आणि चार. दोन-तीन मिनिटांनी मोजणं सोडून द्यायचं आणि येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. मन फिजिक्सच्या टेस्टकडे जाणारच. गेलं की कळलं, कळलं की परत यायचं, झालं. पंखा कुरकुरतो, रस्त्यावर हॉर्न वाजतात, शेजारच्या वर्गात कुणीतरी ओरडतं. ते सगळं चालू राहू दे. परीक्षेच्या हॉलमध्ये तरी कुठं शांतता असते? ज्याला श्वासाकडे लक्ष दिलं की उलट गुदमरल्यासारखं होतं, त्यानं तळपायांकडे लक्ष द्यायचं. फरशी गार आहे की गरम, बोटं कुठं टेकलीत, टाच कुठं टेकलीय. दम्याची मुलं बहुतेक हेच निवडतात. शेवटी मान फिरवायची, इकडेतिकडे बघायचं, वही उघडायची. घंटा नाही, अगरबत्ती नाही, भिंतीवर कुणाचा फोटो नाही, मागं बासरीही नाही.

"खोल श्वास घ्या" हे वाक्य मी वर्गात बोलत नाही, आणि इतरांनीही बोलू नये असं मला मनापासून वाटतं. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्याला खोल घे म्हटलं की तो आणखी जोरात ओढतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळते. त्याला वाटतं हार्ट अॅटॅकच आला. माझ्या एका विद्यार्थ्याला असंच झालं. रात्री एकच्या सुमाराला रूमवरच्या पोरांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी अगदी व्यवस्थित होता. आजूबाजूची सगळी पोरं त्याला "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" म्हणत होती, जीव तोडून मदत करत होती बिचारी. दुसऱ्या दिवशी मी त्या सगळ्यांना एकत्र बसवून ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडचं गणित समजावलं. सोडण्यावर भर द्या. घेणं आपोआप होतं.

आता धर्माचं. हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबलं तरी लिहितो.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, अतिशय सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला तीनदा ओंकार म्हणून घेतला तर वातावरण तयार होतं, आणि त्यात कुणाचं काय बिघडतं? मी त्यांना म्हणालो, सर, माझी आई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते आणि मी घरी असलो की तिच्या शेजारी बसून म्हणतो. त्यातून मला जे मिळतं ते मला या दहा मिनिटांत मिळत नाही. ती गोष्ट वेगळी आहे, मोठी आहे. पण ती माझी आहे. वर्गातल्या मुलांनी ती मागितलेली नाही, आणि हजेरीच्या तासाला बसलेल्या मुलाला "नको" म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदात हे अगदी स्पष्ट लिहिलंय. शासनाची मदत मिळणाऱ्या किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आमची मुलं सोळा-सतरा वर्षांची.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात हे प्रकरण कोर्टात गेलं होतं. 1975-76 मध्ये तिथल्या पाच सरकारी हायस्कुलांत महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान ऐच्छिक विषय म्हणून शिकवलं जात होतं. धर्माशी संबंध नाही, असंच सांगितलं जायचं. पण मंत्र मिळवण्यासाठी मुलांना शाळेबाहेर एका छोट्या समारंभाला जावं लागायचं. फळं, फुलं आणि रुमाल घेऊन. तिथं शिक्षक संस्कृतात गुरुपूजा म्हणायचे. पालकांनी दावा लावला आणि आधी 1977 मध्ये, मग अपिलात 1979 मध्ये कोर्टानं सांगितलं की सरकारी शाळेत हे चालणार नाही. मला तो निकाल पटतो. रुमाल आणि फुलं आपल्याकडे कुणाला खटकणारही नाहीत इतकी ओळखीची, आणि नेमकं म्हणूनच आपण जास्त सांभाळायला हवं.

त्याच भावातीत ध्यानातून एक दुसरी वाटही निघाली. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी ते करणाऱ्यांच्या शरीरात काय घडतं ते मोजलं. ऑक्सिजन कमी लागतो, श्वास संथ होतो. मग त्यांनी पाहिलं की यासाठी ठरावीक मंत्रच लागतो का. तर लागत नाही. शांत जागा, आरामात बसणं, एखादा शब्द किंवा श्वास पुन्हा पुन्हा, आणि लक्ष भरकटलं तर स्वतःवर न चिडता परत येणं, एवढ्यावर तोच परिणाम दिसतो. 1975 साली त्यांनी हे लोकांपुढे मांडलं. ज्याला त्याच्या श्रद्धेतला शब्द घ्यायचा त्यानं तो घ्यावा, ज्याला नको त्यानं साधा "वन" म्हणावं, असं ते सांगत. मी हेच पाळतो. मनात काय म्हणायचं ते मुलाचं मुलानं ठरवावं. मी विचारत नाही.

आपल्या राज्यातही शासनाच्या "मित्र" उपक्रमातून अनेक शाळांत आनापान शिकवलं गेलं, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या मदतीनं. आनापान म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे बघणं, शब्द नाही, मूर्ती नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेत असताना ते शिकून आलेली होती. बाकीच्यांची चुळबूळ चालायची तेव्हा ती स्थिर असायची. तिच्या घरी बुद्धवंदना होते, ती म्हणाली, "सर, घरी मी हे बुद्धांचं म्हणून करते, इथं बायोलॉजीचं म्हणून करते, मला दोन्ही चालतं." दुसऱ्या एका मुलीचे वडील उदगीरहून मुद्दाम भेटायला आले. शिवणकाम करणारे. फार अदबीनं विचारलं, "सर, इसमें कुछ पढ़ना-वढ़ना तो नहीं ना?" मी म्हटलं, तासाला बसा. ते शेवटच्या बाकावर बसले, नाडी मोजली, दहा मिनिटं सगळ्यांसारखं केलं. बाहेर आल्यावर त्यांचा प्रश्न एकच होता, "बीपी के लिए चलता क्या?" मी सांगितलं, करायला हरकत नाही, पण गोळी चालू ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

यातून काय होत नाही तेही सांगायला हवं. मार्क वाढतात असं मी कुठल्याही पालकाला सांगत नाही. ब्रिटनमध्ये यावर फार मोठा अभ्यास झाला, 85 शाळा आणि आठ हजारांवर मुलं. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन 11 ते 14 वयाच्या मुलांना माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे घडतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं, शिकवलं. 2022 मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता, आणि ज्यांना आधीपासून मानसिक त्रासाचा धोका होता त्यांतल्या काहींना त्यातून बरं वाटण्याऐवजी थोडं उलटच झालं. हे वाचून मी दहा मिनिटं बंद केली नाहीत. पण सगळ्यांवर सारखं लादण्याचा विचार मात्र कायमचा सोडून दिला. ज्याला नको तो त्या वेळात शांतपणे चित्र काढतो, खिडकीतून बघतो, वाचतो. त्याची कुठं नोंद होत नाही.

मध्यंतरी एका संस्थेकडून विचारणा झाली, हा कार्यक्रम सगळ्या शाखांना सक्तीचा करू, हजेरी लावू, वर्षाअखेरीला श्रेणी देऊ. मी नम्रपणे नाही म्हणालो. शांत बसण्याला "ब" श्रेणी मिळालेल्या पोराचं काय करणार?

आणि जो मुलगा आठवडाभर झोपलेला नाही, जेवण सोडलंय, मित्रांशी बोलणं बंद केलंय, सामान वाटून टाकतोय, त्याला श्वास मोजायला सांगणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं आहे. त्याच्याजवळ माणूस बसायला हवा, घरी कळायला हवं आणि डॉक्टरकडे न्यायला हवं. शासनाची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, मराठीतही बोलतात. हा नंबर मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेला असतो आणि पुसू देत नाही. लातूरनं, राजस्थानातल्या कोट्यानं काय काय पाहिलंय ते मी इथं उगाळत नाही. शिक्षकांना एवढंच सांगतो की ही दहा मिनिटं घेताना मुलांकडे बघत राहा. स्वतः डोळे मिटू नका. कोण बसलंय, कोण नुसतं बसल्यासारखं दाखवतंय आणि कोण तुटत चाललंय हे त्या वेळात जितकं दिसतं तितकं शिकवताना दिसत नाही.

पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांनी दहा मिनिटंही घेऊ नयेत. तीन पुरेत. नाडीपासून सुरुवात करा, श्वास सोडण्यावर भर द्या, नको म्हणणाऱ्याला जागा ठेवा. दुपारच्या जेवणानंतरचा तास टाळा, निम्मी मुलं झोपतात. तसं झोपलं तर उठवू नका, त्याला त्याचीच गरज होती.

माझ्यापुढे सध्या वेगळाच प्रश्न आहे. मुलांची खरी कठीण वेळ सकाळी दहाला माझ्यासमोर नसते. ती असते रात्री अकरानंतर, रूमवर, टेस्टचा रिझल्ट ग्रुपवर पडल्यावर. तेव्हा मी तिथं नसतो. असतात त्या मेस चालवणाऱ्या काकू आणि होस्टेलचे रेक्टर. म्हणून या जूनमध्ये आमच्या भागातल्या काही होस्टेलच्या काकूंना आणि रेक्टरना एका दुपारी बोलावलंय. त्यांतल्या एका काकूंनी फोनवरच विचारलं, "सर, आम्हाला सायन्स काय कळणार?" मी म्हटलं, काकू, नाडी तर सापडेल ना? त्या म्हणाल्या, "पोरांचा ताप हात लावून सांगते मी, नाडी का नाही सापडणार." जाताना प्रत्येकाच्या हातात 14416 लिहिलेला कागदही द्यायचा आहे.